वाकणे, बसणे, उठणे : पाठदुखीच्या मापनपट्ट्यांचे भाषांतर

भाषांतरमीमांसेत साहित्यकृतींच्या भाषांतराची जितकी चर्चा झाली, तितकी रुग्णाच्या हाती दिल्या जाणाऱ्या प्रश्नावलीच्या भाषांतराची झालेली नाही. वस्तुतः जुनाट पाठदुखीच्या मापनपट्ट्या हा तौलनिक अभ्यासाचा महत्त्वाचा विषय ठरावा. येथे भाषांतरित संहितेतून एक अंक निष्पन्न होतो आणि रुग्णाला उतार पडला की नाही, याचा निर्णय त्या अंकावर बऱ्याच अंशी अवलंबून असतो. 1980 ची ऑस्वेस्ट्री प्रश्नावली आणि 1983 ची रोलंड-मॉरिस प्रश्नावली या दोन्ही इंग्लंडमध्ये घडल्या. त्यांपैकी पहिलीच्या इंग्रजी व मराठी रूपांची सप्रमाणता आणि विश्वसनीयता तपासणारा अभ्यास 2013 मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अशा रूपांतराची सर्वमान्य पद्धती बीटन व सहकाऱ्यांनी 2000 साली मांडली. दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा समन्वय, मूळ संहिता न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर, तज्ज्ञसमितीचा विचारविनिमय आणि तीस ते चाळीस व्यक्तींवर चाचणी, असा तिचा क्रम आहे. नायडाप्रणीत परिणामसमतुल्यतेचे तत्त्व येथे अभिप्रेत आहे. परंतु उलट भाषांतराच्या पायरीचा कल शब्दनिष्ठेकडेच राहतो. कृत्रिम मराठी वाक्य इंग्रजीत सुखरूप परतते, तर अस्सल मराठी वाक्य परतताना रूप बदलते. त्यामुळे रुग्णाला सहज उमगणारे वाक्यच सदोष ठरण्याचा संभव निर्माण होतो. समितीचे खरे काम येथे सुरू होते.

पहिली अडचण अवयवाच्या नावापासूनच उद्भवते. इंग्रजीत मानेखालपासून माकडहाडापर्यंतचा सारा भाग एका शब्दात सामावतो. मराठीत पाठ वेगळी आणि कंबर वेगळी. उसण भरते, कंबर धरते, पाठीला रग लागते; या तक्रारी परस्परांचे पर्याय नव्हेत. रोलंड-मॉरिस प्रश्नावलीतील चोवीस विधानांत पाठीचे कारण पुनःपुन्हा सांगितले जाते. तेथे केवळ ‘पाठीमुळे’ असा शब्द योजल्यास कंबरदुखीचा रुग्ण प्रामाणिकपणे नकार नोंदवू शकतो. त्याचे दुखणे तसेच राहते आणि अंक मात्र घटतो.

दुसरी अडचण क्रियापदाची आहे. ‘मी वाकत नाही’ या वाक्यात नकार आहे, प्रसंगी बाणाही आहे. ‘मला वाकता येत नाही’ यात क्षमतेचा अभाव आहे. ‘मला वाकवत नाही’ हे शक्य क्रियापद मात्र इच्छा शाबूत असूनही देह साथ देत नसल्याचे सांगते. हिंदीतील ‘मुझसे झुका नहीं जाता’ ही रचना याच्या जवळची आहे. जयपूरच्या मानसरोवर वसाहतीतील एखाद्या मराठीभाषक रुग्णापुढे हिंदी प्रश्नावली आली, तरी हा अर्थ हरवण्याचे कारण नाही. वेदना चालू देत नाही, अशी इंग्रजी वळणाची वाक्ये रचली की भाषेने सिद्ध ठेवलेले हे साधन वाया जाते.

प्रत्यक्ष हालचाल तपासणाऱ्या मापनात प्रश्न अधिक गहन होतो. नॉर्वेतील स्ट्रँड व सहकाऱ्यांच्या 2002 च्या मापनपट्टीत पाच कृती आहेत. त्यांतील एक मोजा घालण्याची असून बोटे पावलाच्या टोकापर्यंत कितपत पोचतात, हे तीत पाहिले जाते. ज्याने मोजे क्वचितच वापरले, त्याला ही सूचना परकी वाटते. पायाची नखे काढणे असा निर्देश केला, तर निमित्त बदलते आणि मोजली जाणारी हालचाल तीच राहते. ऑस्वेस्ट्रीतील बसण्याचा विभाग मात्र खुर्ची गृहीत धरतो. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसून भांडी घासणाऱ्या व्यक्तीची अडचण तेथे नोंदलीच जात नाही.

याचा एक बोलका दाखला जयपूरनेच दिला आहे. सवाई मानसिंह रुग्णालयात 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेले ‘जयपूर फूट’ हे एका अर्थी देहाच्या भाषेतील रूपांतरच होय. पाश्चात्त्य कृत्रिम पाऊल ताठ असे आणि त्याला बुटाची जोड लागे. अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे या गरजा लक्षात घेऊन नवे पाऊल घडले. चालण्याचे प्रयोजन तेच राहिले; चालणाऱ्याचे जग जमेस धरले गेले.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. प्रत्येक भाषेने कृती बदलल्या, तर भिन्न देशांतील अंकांची तुलनाच अशक्य होईल. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे इष्ट. हालचाल तीच असेल, तेथे निमित्त आणि शब्द खुशाल देशी असावेत. जेथे हालचालच निराळी आहे, तेथे मूळ गुणांना धक्का न लावता स्वतंत्र नोंद जोडावी. मांडी घालणे हा ‘खुर्चीत बसणे’ याचा अनुवाद नव्हे, ती स्वतंत्र कृती आहे. समतुल्यतेची कसोटी उलट आलेल्या इंग्रजी वाक्यात शोधून भागत नाही. मराठी विधान वाचून रुग्णाने दिलेले उत्तर त्याच्या दुखण्याशी जुळते का, हे त्यालाच विचारून पडताळावे लागते.