करारमुक्त पिचर आणि हिवाळ्यातील वदंता

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस अथवा नोव्हेंबरच्या आरंभी संपतो आणि पुढील वर्षाची सरावशिबिरे फेब्रुवारीत सुरू होतात. मधल्या काळात खेळ नसतो. खेळाविषयीचे लेखन मात्र थांबत नाही. किंबहुना याच महिन्यांत त्याला विशेष बहर येतो, आणि ते बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : करारातून मोकळा झालेला अमुक खेळाडू आता कोणत्या संघाकडे जाणार? या लेखनाला व त्यामागील गप्पांना तिकडे 'हॉट स्टोव्ह लीग' असे जुने नाव आहे. थंडीच्या दिवसांत गावच्या दुकानातील शेगडीभोवती बसून होणाऱ्या गप्पांवरून ते पडले. शेगडी गेली, नाव राहिले. या वदंतांत सर्वाधिक जागा व्यापणारा खेळाडू म्हणजे पिचर, अर्थात फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. प्रस्तुत लेखात त्याच्याविषयीच्या वदंतांचा एक लेखनप्रकार म्हणून विचार करावयाचा आहे.

या लेखनाचे मूल्यमापन सहसा एकाच कसोटीवर केले जाते : भाकीत खरे ठरले की खोटे. ही कसोटी सोपी आहे, परंतु तिने हाती फारसे काही लागत नाही. बखरीतील मजकूर अस्सल पत्रांशी ताडून तो खरा की खोटा एवढेच सांगितले, तर ती बखर कोणी कोणासाठी लिहविली हा प्रश्न शिल्लकच राहतो. वदंतेचेही तसेच आहे. ती चुकली तरी ज्याने ती पुरविली त्याचे काम साधलेले असू शकते, आणि ती अक्षरशः खरी ठरली तरी वाचकाची फसवणूक झालेली असू शकते. म्हणून वदंता वाचताना तिच्या वाक्याचा खरा कर्ता शोधणे हेच समीक्षकाचे पहिले काम ठरते.

कर्ता हा शब्द येथे व्याकरणाच्या अर्थाने वापरला आहे, आणि इतिहासाच्याही. १८७९ पासून चालत आलेल्या राखीव कलमामुळे खेळाडूवर त्याच्या संघाचा हक्क वर्षानुवर्षे टिकत असे. करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे; मालक त्याला दुसऱ्या संघास देऊ शके, पण खेळाडू स्वतः जाऊ शकत नसे. त्या काळच्या शेगडीभोवतीच्या गप्पा या मालकांमधील अदलाबदलीच्या गप्पा होत्या. कर्ट फ्लड याने १९६९ मध्ये या व्यवस्थेविरुद्ध दाद मागितली आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. तट फुटला तो पिचरांच्या हातून. ओकलंडच्या मालकाने करारातील ५० हजार डॉलरची एक रक्कम ठरल्याप्रमाणे भरली नाही, म्हणून लवाद पीटर साइट्झ यांनी डिसेंबर १९७४ मध्ये 'कॅटफिश' हंटर यास करारमुक्त ठरविले. पुढील काही आठवडे उत्तर कॅरोलायनातील अहोस्की या लहानशा गावी, त्याच्या वकिलांच्या कचेरीत, एकामागून एक संघांचे प्रतिनिधी जाऊन थडकले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी हंटरने न्यूयॉर्क यांकीजशी पाच वर्षांचा करार केला. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७५ रोजी, अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात साइट्झ यांनी राखीव कलमाचा कणाच मोडला. मालकांनी लवादाला तत्काळ बडतर्फ केले. निर्णय मात्र टिकला.

तेव्हापासून, तत्त्वतः तरी, कुठे जायचे हे ठरविणारा खेळाडू आहे. परंतु वदंतेची वाक्यरचना १९७५ पूर्वीचीच राहिली. अमुक संघ 'चाचपणी करीत आहे', तमुक संघाने 'चौकशी केली', तिसरा 'शर्यतीत आहे', चौथ्याने 'माघार घेतली' : या प्रत्येक वाक्यात क्रिया संघाची, आणि पिचर हे तिचे कर्म. ज्याच्या सहीवाचून काहीच घडू शकत नाही, तो या गद्यात बहुधा द्वितीया विभक्तीत सापडतो.

ही माहिती दिली कोणी, याचा उल्लेख तर त्याहून दुर्मीळ. मराठी वृत्तपत्रांत अशा प्रसंगी 'खात्रीलायक गोटातून समजते' असे लिहिण्याचा प्रघात आहे. गोट म्हणजे मूळचा लष्करी तळ, हे ध्यानात घेतले तर हा शब्दप्रयोग अमेरिकन लेखकांच्या 'परिस्थितीशी परिचित व्यक्ती'पेक्षा अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. सांगणारा कुठल्या तरी बाजूच्या तळावर बसला आहे, एवढे तरी तो कबूल करतो. मराठी क्रियापदेही येथे उपयोगी पडतात. आवई उठते, अफवा पसरते. पण कंडी पिकविली जाते आणि हूल दिली जाते. पहिल्या दोहोंना कर्ता लागत नाही, पुढच्या दोहोंना लागतो. हिवाळ्यातील बेसबॉल-वृत्ते छापली जातात आवईच्या रूपात, आणि त्यांतील बरीचशी मुळात असते हूल. एजंटाला आपल्या पिचरामागे आणखी एक गिऱ्हाईक आहे असे दाखवायचे असते. संघाला आपल्या नाराज प्रेक्षकांपुढे 'प्रयत्न केला होता' याचा पुरावा हवा असतो. आणि कधी प्रतिस्पर्ध्याला अधिक खर्चात पाडायचे असते. वार्ताहराला उद्याही बातमी मिळवायची असल्याने तो यांपैकी कोणाचेच नाव घेत नाही.

पिचरांच्या बाबतीतच हे पीक इतके का यावे, याचे उत्तर त्यांच्या हाताच्या नाजूकपणात आहे. फलंदाज रोज खेळतो. सामना सुरू करणारा पिचर साधारण पाचव्या दिवशी मैदानात येतो, आणि त्याच्या कोपरातील एका अस्थिबंधावर सारे अवलंबून असते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरावर केलेली शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने रूढ झाली, यावरूनच त्या दुखापतीची व्याप्ती कळावी. डिसेंबर २०१९ मध्ये दोन दिवसांत दोन करार झाले : स्टीफन स्ट्रासबर्ग याचा वॉशिंग्टनशी सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलरचा, आणि गेरिट कोल याचा यांकीजशी नऊ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाखांचा. स्ट्रासबर्ग त्यानंतर अवघे आठ सामने खेळू शकला. कोलने २०२३ चा साय यंग पुरस्कार मिळविला आणि २०२५ चा पूर्ण हंगाम शस्त्रक्रियेपायी गमावला. जिथे वस्तूची किंमत भविष्यातील एका अज्ञात दुखापतीवर ठरते, तिथे किंमत पुष्कळशी बोलण्यातूनच घडवावी लागते. आयपीएलच्या लिलावात बोली सर्वांसमक्ष लागते व हातोडा पडला की व्यवहार संपतो. अमेरिकेतील हा लिलाव बंद दाराआड महिनोन्‌महिने चालतो. दाराबाहेर ऐकू येते ती वदंता.

या लेखनप्रकाराने स्वतःची काही पात्रेही निर्माण केली आहेत. त्यांतील सर्वांत मनोरंजक पात्र म्हणजे 'गूढ संघ' : वाटाघाटीत असल्याचे सांगितले जाते, पण ज्याचे नाव कोणी सांगत नाही असा संघ. जाणकार वाचक त्याला एजंटाच्या कल्पनेतील प्राणी समजून हसतात, आणि बहुतेक वेळा ते हसणे रास्त असते. परंतु डिसेंबर २०१० मध्ये क्लिफ ली याच्यासाठी यांकीज व टेक्सास रेंजर्स यांच्यात झुंज चालल्याचे सर्वत्र छापून येत असता, गूढ संघ म्हणून ज्याचा उल्लेख होत होता तो फिलाडेल्फिया निघाला. लीने पाच वर्षांसाठी १२ कोटी डॉलर स्वीकारले. यांकीजचा प्रस्ताव अधिक वर्षांचा व अधिक रकमेचा होता. २०१५ मध्ये झॅक ग्रिंकी हा डॉजर्स अथवा जायंट्स यांच्याकडे जाणार असे सांगितले जात होते. तो सहा वर्षांच्या २० कोटी ६५ लाख डॉलरच्या करारावर ॲरिझोनाला गेला.

या दोन उदाहरणांत एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ग्रिंकीच्या बाबतीत वदंतेने चुकीचा संघ सांगितला, एवढेच. पैशाचा तर्क अबाधित राहिला. लीच्या बाबतीत तर्कच कोलमडला. तीच गोष्ट १९९२ मध्ये ग्रेग मॅडक्सची. यांकीजचा मोठा प्रस्ताव बाजूस ठेवून तो अटलांटाला पाच वर्षांच्या २ कोटी ८० लाख डॉलरच्या करारावर गेला, आणि पुढील तीनही वर्षांचे साय यंग पुरस्कार त्याने त्या गणवेशात मिळविले. अमुक गावी राहावे, अमुक सहकाऱ्यांबरोबर खेळावे, जिथे एकदा रमलो तिथे परतावे, ही कारणे माणसाच्या आयुष्यात रोज निर्णायक ठरतात. वदंतेच्या गद्यात त्यांना फार तर तळटीपेची जागा मिळते. याचे कारण लेखकांची असंवेदनशीलता नव्हे. आकडा पुरविणारे गोट दोन्ही बाजूंना असतात. मनातील हेतू पुरविणारा गोट नसतो.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की हा सारा व्यापारी गलबला बंद झालेलाच बरा. बेसबॉलमध्ये तो एकदा जवळजवळ बंद झाला होता, आणि तो अनुभव विसरण्याजोगा नाही. १९८५ ते १९८८ या हिवाळ्यांत मालकांनी संगनमत करून एकमेकांच्या खेळाडूंवर बोली लावण्याचे टाळले. ऐंशीच्या दशकात सर्वाधिक सामने जिंकणारा पिचर जॅक मॉरिस १९८६ च्या डिसेंबरात स्वतः संघांच्या दारी गेला. त्या वर्षी त्याने २१ सामने जिंकले होते. तरी कोणीही त्याला घेतले नाही, आणि तो निमूटपणे डेट्रॉइटला परतला. १९८७-८८ मध्ये तर मालकांनी एक 'माहिती-कोश'च चालविला : कोणत्या खेळाडूला किती देऊ केले, हे संघ एकमेकांना कळवीत. खेळाडूला मात्र यातले काही ठाऊक नसे. लवाद टॉमस रॉबर्ट्स व जॉर्ज निकोलाऊ यांनी मालकांना दोषी ठरविले आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलरची भरपाई ठरली.

माहिती-कोशातील माहिती वदंतेपेक्षा कितीतरी अचूक होती, आणि नेमकी म्हणूनच ती अन्यायाचे साधन झाली. तिच्याशी तुलना केली असता छापील वदंतेची एक बाजू दिसते जी खऱ्या-खोट्याच्या कसोटीवर कधीच दिसली नसती : ती उघड्यावर असते. एजंटाने दिलेली हूल मालक वाचतो तशी खेळाडूही वाचतो, आणि तिला उत्तर देता येते. अशुद्ध असूनही ती बाजार जिवंत असल्याची खूण आहे. म्हणून दोष वदंतेच्या अस्तित्वाला देता येत नाही. तो तिच्या निनावी वाक्यरचनेला द्यावा लागतो.

हा दोष किती दूर नेऊ शकतो, हे ८ डिसेंबर २०२३ रोजी दिसले. पिचर व फलंदाज या दोन्ही नात्यांनी अद्वितीय ठरलेला शोहेई ओहतानी त्या हिवाळ्यात करारमुक्त होता. कॅलिफोर्नियाहून टोरंटोकडे निघालेल्या एका खाजगी विमानाचा मार्ग हजारो लोक पडद्यावर न्याहाळत बसले, आणि ओहतानी त्या विमानात असल्याचे वृत्त नामवंत वार्ताहरानेही दिले. विमानातून उतरला एक कॅनेडियन उद्योजक. दुसऱ्या दिवशी ओहतानीने स्वतःच्या शब्दांत जाहीर केले की तो डॉजर्सकडे जात आहे : दहा वर्षे, ७० कोटी डॉलर. त्यांतील ६८ कोटी करारकाल संपल्यानंतर द्यावयाचे आहेत, हा नेमका आकडा त्याहीनंतर बाहेर आला. त्याच्या बाजूने वाटाघाटींत कमालीचे मौन पाळले गेले होते. गोटांनी पुरवठा थांबविला तेव्हा वदंता विमानाच्या खुणांवर जगू लागली, आणि ज्याच्याविषयी ती होती त्याच्या पहिल्या वाक्यानेच संपली.

त्याच हिवाळ्यातील दुसरी घटना कमी गाजली, पण अभ्यासकाने तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे. ब्लेक स्नेल हा २०२३ चा साय यंग विजेता, आणि जॉर्डन मॉन्टगोमेरी हा त्या वर्षीच्या विजेत्या टेक्सास संघाचा पिचर. दोघांचा एजंट एकच होता. नोव्हेंबरपासून त्यांच्या नावांपुढे संघांची नावे लागत गेली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी गेला, सरावशिबिरे सुरू झाली, तरी वाक्ये तीच राहिली : चौकशी, चाचपणी, स्वारस्य. स्नेलने मार्चमध्ये जायंट्सशी दोन वर्षांचा ६ कोटी २० लाखांचा करार केला, त्यातून वर्षअखेर बाहेर पडून नोव्हेंबर २०२४ मध्ये डॉजर्सकडून पाच वर्षांसाठी १८ कोटी २० लाख मिळविले. मॉन्टगोमेरीला ते साधले नाही. मार्चच्या अखेरीस त्याने ॲरिझोनाशी करार केला तो निश्चित असा एकाच हंगामाचा, २ कोटी ५० लाखांचा. एप्रिलमध्ये त्याने एजंट बदलला. सरावाविना सुरू झालेल्या त्या हंगामात त्याची कामगिरी घसरली, आणि २०२५ च्या वसंतात त्याच्या कोपरावर पुन्हा तीच शस्त्रक्रिया झाली. त्या हिवाळ्यातील वृत्ते आज क्रमाने वाचली तर 'स्वारस्य' हा शब्द किती संघांना लावला गेला ते सहज दिसते. त्यांपैकी किती संघांनी खरोखर प्रस्ताव दिला, हे त्या वृत्तांवरून सांगता येत नाही.