देहूची गाथा : पूजन व वाचन

पिंपरी-चिंचवडलगतच्या देहू येथील गाथामंदिरात तुकोबांचे अभंग संगमरवरी भिंतींवर कोरलेले आहेत. यात्रेकरू त्यांस हात जोडतो व पुढे सरतो. १९५० च्या शासकीय आवृत्तीतील ४,६०७ अभंग क्रमाने वाचण्याचा संकल्पही वाचक सहसा करीत नाही. गाथा सलग वाचनासाठी रचलेली नाही, ती कीर्तनातून खंडशः कानी पडावी, हा बचाव बराचसा ग्राह्य आहे. परंतु कानी पडते ते कीर्तनकाराने निवडलेले. (शालेय पुस्तकांतील निवड तर त्याहून सोवळी!) १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात मोडलेला संसार, देवाशी मांडलेले भांडण, स्वतःच्या कवित्वाविषयीची शंका, हे सारे अभंगामागून अभंग वाचतानाच मनात साचत जाते. अभंगांचा कालक्रम निश्चित नाही, हे खरे. तथापि मुखोद्गत शंभरेक अभंगांतील तुकोबा गाथेतील तुकोबांपेक्षा पुष्कळच शांत आहेत.