हुर्यो उडवणारा जमाव ‘बेभान’ असतो का? एका पेपरची उलटतपासणी



‘पेट’ झाली, कोर्सवर्क झालं, की पुढचा डोंगर सिनॉप्सिसचा. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: ‘सामन्यादरम्यान जमाव बेभान होऊन विरोधी खेळाडूंची हुर्यो उडवतो.’ समितीतल्या एका बाईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि शांतपणे विचारलं, “बेभान झालेल्या माणसाला चेंडू नेमका कुणाच्या हातात आलाय, हे बरोबर कसं कळतं?” मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

त्या प्रश्नानंतर मी जे वाचलं, त्यातला एक पेपर आज तुमच्यासमोर ठेवते. स्टीव्हन क्लेमन यांचा हा पेपर १९९३ साली ‘अमेरिकन सोशिओलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये आला. त्याचा विषयच मुळी हुर्यो हा आहे. पेपर चांगला आहे, आणि चांगल्या पेपरचीच चिकित्सा करायला शिकावं असं माझं मत आहे. वाईट पेपरमधल्या चुका कुणालाही सापडतात.

आधी प्रसंग बघू, म्हणजे पेपर कशावर घासून बघायचा ते कळेल.

२०११ चा रग्बी विश्वचषक न्यूझीलंडमध्ये झाला. ऑस्ट्रेलियाचा फ्लाय-हाफ होता क्वेड कूपर. (फ्लाय-हाफ म्हणजे १० नंबरची जर्सी घालणारा, संघाचे डावपेच चालवणारा खेळाडू.) कूपरचा जन्म न्यूझीलंडमधला. किशोरवयात तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि पुढे तिकडूनच खेळला. विश्वचषकाच्या काही आठवडे आधी, ऑगस्ट २०११ मध्ये, ब्रिस्बेनच्या सामन्यात त्याचा गुडघा न्यूझीलंडचा कर्णधार रिची मॅकॉ याच्या डोक्याला लागला. चौकशी झाली, कूपर सुटला. पण न्यूझीलंडच्या प्रेक्षकांच्या लेखी प्रकरण मिटलं नव्हतं. विश्वचषकभर त्याच्या हातात चेंडू आला की स्टेडियममधून ‘बूऽऽ’ सुरू व्हायचं.

आता क्लेमन काय म्हणतात ते बघा. त्यांनी राजकीय भाषणं आणि वादविवादांची ध्वनिमुद्रणं घेऊन टाळ्या आणि हुर्यो यांची तुलना केली. टाळ्या चटकन सुरू होतात. वक्त्याचं वाक्य संपत आलंय हे प्रत्येकाला आपापलं कळतं आणि प्रत्येकजण साधारण एकाच क्षणी टाळी वाजवतो. याला ते स्वतंत्र निर्णय म्हणतात. हुर्यो मात्र उशिरा येते. आधी कुजबुज, मग थोडा गलका, आणि मग ‘बूऽऽ’. म्हणजे लोक आधी आजूबाजूचा अंदाज घेतात. याला आपण परस्परनिरीक्षण म्हणू. कारण सरळ आहे. एकट्यानं टाळी वाजवली तर फारसं काही बिघडत नाही, पण एकट्यानं हुर्यो उडवली तर सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळतात.

या पेपरची ताकद कशात आहे? एक म्हणजे, तो जमावाच्या ‘मना’बद्दल बोलत नाही. गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ मध्ये जमावात माणूस स्वतःचं भान हरवतो असं मांडलं, आणि आपण सगळे अजून नकळत तेच लिहितो. (माझं वाक्य आठवा.) क्लेमन यांनी सेकंद मोजले. सेकंद मोजल्यावर जे दिसलं ते उलटच होतं: हुर्यो उडवणारा माणूस शेजाऱ्याकडे बारीक लक्ष ठेवून असतो. दुसरं म्हणजे, त्यांचा दावा खोटा ठरू शकतो. कुणीही ध्वनिमुद्रण घ्यावं आणि तपासून बघावं.

तर तपासूया. पेपर भाषणाच्या सभागृहातून उचलून रग्बीच्या मैदानावर ठेवला की पहिली अडचण लगेच दिसते. कूपरच्या वाट्याला आलेली हुर्यो उशिरा येत नव्हती. चेंडू हातात येताच ती सुरू व्हायची. पेनल्टी किकचंही तसंच. चेंडू टीवर ठेवून किकर मागे सरकला की विरोधी प्रेक्षकांना चांगला अर्धा मिनिट मिळतो, आणि हुर्यो उडवायची कधी हे सांगावं लागत नाही.

मग क्लेमन चुकले का? घाई करू नका. इथेच बरेच विद्यार्थी फसतात. ‘माझ्या डेटात वेगळं दिसतंय, म्हणजे सिद्धांत चुकीचा’ असं लिहून मोकळे होतात. आधी विचारायचं की दोन्ही परिस्थितींमध्ये फरक काय आहे. भाषणात वक्ता पुढे काय बोलेल हे माहीत नसतं, त्यामुळे श्रोत्यांना जागच्या जागी अंदाज घ्यावा लागतो. मैदानावर संकेत आधीच ठरलेला असतो आणि तो सगळ्यांना दिसतो. एकमेकांचा अंदाज घेण्याचं काम मागच्या सामन्यात, वर्तमानपत्रात, दारू पिता पिता पबमध्ये आधीच होऊन गेलेलं असतं. माझा आक्षेप एवढाच आहे की पेपरनं हे निरीक्षण त्या काही सेकंदांपुरतं बघितलं. रग्बीत त्याचा कालावधी महिन्यांचा असू शकतो. ध्वनिमुद्रणात ते सापडणार नाही.

दुसरा आक्षेप जरा मोठा आहे. ‘हुर्यो कशी सुरू होते’ याचं उत्तर मिळालं, तरी ‘कुणाच्या वाट्याला येते’ हे उरतंच. ऑस्ट्रेलियाच्या संघात मैदानावर पंधरा जण. मग कूपरच का? इथे मदतीला येतो सामाजिक ओळखीचा सिद्धांत. मार्क्स, इझेर्बित आणि लेयन्स यांनी १९८८ मध्ये दाखवलं की आपल्या गटातला माणूस वावगं वागला तर त्याला परक्यापेक्षा कठोरपणे तोललं जातं. याला ‘काळ्या मेंढी’चा परिणाम म्हणतात. कूपर परका असता तर तो नुसता प्रतिस्पर्धी ठरला असता. तो घरचा होता, म्हणून फितूर ठरला. गंमत म्हणा किंवा शोकांतिका, कूपरला तेव्हा ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मिळालेलंच नव्हतं. ऑस्ट्रेलियासाठी कित्येक कसोट्या खेळूनही त्याचे अर्ज फेटाळले जात राहिले आणि २०२१ मध्ये नियम बदलल्यावरच त्याची वाट मोकळी झाली. म्हणजे ज्याला फितूर म्हणून हिणवलं, तो कागदोपत्री अजून हिणवणाऱ्यांचाच होता.

इथेही थांबून उलट बाजू तपासायला हवी. ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा प्रशिक्षक रॉबी डीन्स हा तर न्यूझीलंडकडून खेळलेला माणूस. ‘फितुरी’ हेच एकमेव कारण असेल तर रोष त्याच्यावर जास्त हवा होता. तसं झालं नाही. यावरून सिद्धांत कोसळतो का? नाही, कारण डीन्सच्या हातात सामना चालू असताना चेंडू येत नाही, आणि त्यानं मॅकॉला गुडघाही मारलेला नव्हता. पण एक धडा नक्की मिळतो. घरचा माणूस, ताजं निमित्त आणि मैदानावरचा दिसणारा संकेत, ही तीनही कारणं कूपरमध्ये एकत्र आलेली आहेत. एकाच उदाहरणावरून त्यातलं एक वेगळं काढता येत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये एकच ‘केस’ असेल तर समिती हाच प्रश्न विचारणार, लिहून ठेवा.

म्हणून दुसरी केस हवी, आणि शक्यतो अशी की जिथे हुर्यो अपेक्षित होती पण झाली नाही. २४ फेब्रुवारी २००७, डब्लिनचं क्रोक पार्क. २१ नोव्हेंबर १९२० रोजी याच मैदानात सामना चालू असताना ब्रिटिश सुरक्षा दलांनी गोळीबार केला आणि १४ जण मारले गेले. तिथे आता इंग्लंडचा संघ रग्बी खेळायला आला होता आणि ‘गॉड सेव्ह द क्वीन’ वाजणार होतं. लोक हुर्यो उडवतील का, यावर आधी बरीच चर्चा झाली. प्रत्यक्षात स्टेडियमनं ते राष्ट्रगीत आदरानं ऐकून घेतलं. मग आयर्लंडनं सामना ४३–१३ असा जिंकला.

ल बाँच्या चष्म्यातून हे दिसतच नाही. एवढा जमाव, एवढा इतिहास, एवढी भावना, तर भान जायला हवं होतं. स्टीफन रायशर यांनी १९८० च्या ब्रिस्टलमधल्या सेंट पॉल्स दंगलीच्या अभ्यासात दाखवलं होतं की दंगलीतला जमावसुद्धा मर्यादा पाळतो. त्याचं लक्ष्य ठरलेलं असतं आणि ‘आम्ही कोण’ या समजुतीतून त्या मर्यादा येतात. क्रोक पार्कमधले लोक त्या दिवशी स्वतःला यजमान समजत होते, असा अर्थ मी लावते. हा माझा अर्थ आहे, पुरावा नाही. तुम्हीही असे अर्थ लावाल तेव्हा तसं स्पष्ट लिहा.

आता सगळ्यात निसरडी जागा: हुर्योचा परिणाम. कूपरचा तो विश्वचषक वाईट गेला. उपान्त्य सामन्यात, न्यूझीलंडविरुद्ध ईडन पार्कवर, त्याची पहिलीच किक-ऑफ थेट मैदानाबाहेर गेली आणि ऑस्ट्रेलिया २०–६ हरला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. गोष्ट सांगायला किती सोपी! पण प्रेक्षकांमुळे हे झालं असं म्हणता येतं का? समोर त्या वर्षीचा जगज्जेता संघ होता. कूपरचा खेळ मुळातच जोखमीचा. आणि गुडघा हुर्योनं मोडत नाही.

या बाबतीत डोनाल्ड ग्रीर यांचा १९८३ चा बास्केटबॉलवरचा अभ्यास हमखास उद्धृत होतो. प्रेक्षकांच्या दीर्घ निषेधानंतर पाहुण्या संघाची कामगिरी घसरलेली त्यांना दिसली. वाचताना विचारा: हुर्यो कधी होते? बहुधा यजमानांच्या विरोधात निर्णय गेल्यावर. म्हणजे पाहुण्यांच्या चांगल्या क्षणानंतर. चांगल्या क्षणानंतर थोडी घसरण तशीही होतेच. शिवाय बदलला तो खेळाडू की पंच? नेविल, बाल्मर आणि विल्यम्स यांनी २००२ मध्ये ४० फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ झटापटी दाखवल्या, काहींना आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. खेळाडू तेच, क्षण तेच, फक्त आवाज वेगळा. रचना कशी असावी याचा हा नमुना आहे. मात्र रग्बीच्या पेनल्टी किकला तो जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिथे पंचाला ठरवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

हे सगळं काटेकोरपणे का बघायचं, असं कुणाला वाटेल. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेल याच्या नावाची घोषणा झाली की हुर्यो उडायची. त्याच वर्षाअखेरीस त्यानं स्वतःच्या आणि कुटुंबाच्या मानसिक स्वास्थ्यासाठी पुढच्या सिक्स नेशन्समधून माघार घेतली. माघारीचं कारण हुर्यो होती असं मी म्हणणार नाही. एवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण ‘जमाव बेभान होता’ असं लिहिलं की त्या आवाजाची जबाबदारी कुणावरच राहत नाही, हे मात्र दिसतं. शेजारी बघून, वेळ साधून, माणूस निवडून जो ओरडतो, त्याला आपण काय केलं ते माहीत असतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. टीव्हीवर ऐकू येणारी हुर्यो म्हणजे ‘स्टेडियम’ नव्हे. मायक्रोफोन कुठे ठेवलाय यावर बरंच अवलंबून असतं. समजा साठ हजारांतले सहा हजार ओरडले, तरी घरी बसून आपल्याला सगळेच ओरडल्यासारखे वाटतात. उरलेले चोपन्न हजार काय करत होते? हाच कदाचित तुमचा प्रबंध असेल.

माझं सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: ‘ठरावीक खेळाडूच्या हातात चेंडू आल्यावर प्रेक्षकांपैकी काही जण हुर्यो उडवतात, कोण, कधी आणि कुणाच्या साक्षीनं, हे तपासायचं आहे.’ वाक्य लांबलं, पण बाईंनी या वेळी ते मोठ्यानं वाचलं नाही. पुढच्या पानावर गेल्या.