अ‍ॅडमची दाढी

माझ्या मावसभावाला आमच्याकडे सगळे 'देवाचं लेकरू' म्हणतात. तो ३२ वर्षांचा आहे. बोलत नाही, आधाराशिवाय उभा राहत नाही. पाहुणे 'देवाचं लेकरू हो!' म्हणतात, त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि चहाकडे वळतात. हेन्री नाउवेन यांचं 'अ‍ॅडम : गॉड्स बिलव्हेड' हे पुस्तक मी उघडलं ते या पाहुण्यांची आठवण मनात ठेवूनच. नावातच 'देवाचा लाडका' आहे, म्हणजे इथेही डोक्यावरून हात फिरवून चहा होणार, अशी धास्ती होती.

ती निम्मी खरी ठरली. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहितोय.

नाउवेन हे डच कॅथलिक धर्मगुरू. येल आणि हार्वर्डमध्ये शिकवायचे, अध्यात्मावरची त्यांची पुस्तकं खूप वाचली जायची. प्राध्यापकी सोडून १९८६ साली ते टोरांटोजवळच्या 'डेब्रेक' या समुदायात राहायला गेले. 'डेब्रेक' हा 'लार्श' चळवळीचा भाग. लार्श म्हणजे तारू, नोहाचं. १९६४ साली जाँ व्हानिये या कॅनेडियन माणसाने फ्रान्समधल्या एका खेड्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या दोन पुरुषांबरोबर एका घरात राहायला सुरुवात केली. त्यातून ही चळवळ जगभर पसरली. भारतात १९७० साली बंगळुरूमध्ये 'आशा निकेतन' सुरू झालं. कल्पना साधी आहे: अक्षमता असलेले आणि नसलेले एकाच घरात राहतात, एकाच टेबलाशी जेवतात, एकत्र प्रार्थना करतात.

नाउवेनना तिथे काम मिळालं ते अ‍ॅडमची सकाळ सांभाळण्याचं. अ‍ॅडम विशीतला, न बोलणारा, वरचेवर फिट येणारा. त्याला उठवायचं, अंघोळ घालायची, दाढी करायची, कपडे चढवायचे, नाश्त्याला बसवायचं. पन्नाशीतला हा विद्वान घाबरून गेला होता, कारण घरकामात तो अगदीच कच्चा. पुस्तकाची सगळ्यात चांगली पानं ही आहेत. नाश्त्याच्या वेळी अ‍ॅडम चमचा स्वतः तोंडाकडे नेतो, नाउवेन शेजारी बसून राहतात. दुसरं काहीच घडत नाही, आणि तरी आपण वाचत राहतो. भीती जाऊन सवय येते, सवयीतून जिव्हाळा येतो, हे इथे उपदेश न करता दिसतं. जुना एक मित्र भेटायला येतो आणि विचारतो, एवढं शिक्षण काय या कामासाठी घेतलंस? हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही काकांनी विचारला असता.

अडचण पुढे आहे. नाउवेन अ‍ॅडमचं आयुष्य येशूच्या आयुष्याच्या साच्यात बसवतात. घरचं बालपण म्हणजे गुप्त जीवन, दवाखान्यात काढलेली वर्षं म्हणजे अरण्य, डेब्रेकमधली वर्षं म्हणजे सार्वजनिक जीवन, मग दुःखसहन, मृत्यू, पुनरुत्थान. यामागची माया मला कळते. ज्याची नोंद फक्त केसपेपरवर झाली, त्याचं चरित्र शुभवर्तमानाच्या घाटात लिहिणं हा एक प्रकारचा निषेधच आहे. पण अरण्यात व्यवस्थापन नसतं, दवाखान्यात असतं. एखाद्या तरुणाला तिथे वर्षानुवर्षं का राहावं लागतं, घरी आईवडिलांना मदत का मिळत नाही, हे प्रश्न 'अरण्य' म्हटलं की हवेत विरतात.

एका प्रसंगाने तर मी पुस्तक मिटून ठेवलं. नाउवेन घाईत असतात, अ‍ॅडमचे हात बाह्यांत कोंबत असतात आणि त्याला फिट येते. नाउवेनना त्यात निरोप ऐकू येतो: हळू घे, हेन्री. निरोप चांगलाच आहे, पण तो नाउवेनचा आहे. फिट ही फिट असते. बोलू न शकणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण शहाणपण घालतो तेव्हा तो गुरू होतो, आणि गुरूला काय हवं-नको ते विचारायचं राहून जातं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात आहे, पण नाउवेन तिच्यापाशी थांबत नाहीत. वर्षभराहून थोड्या अधिक काळाने ते अ‍ॅडमच्या घरातून बाहेर पडले. मन खचलं तेव्हा काही महिने डेब्रेक सोडूनही गेले. ते जाऊ शकत होते. अ‍ॅडम १९९६ साली, ३४ व्या वर्षी वारला, तोवर माणसं त्याच्या आयुष्यात येत राहिली आणि जात राहिली. मैत्रीत एकालाच दार उघडता येत असेल, तर त्या मैत्रीबद्दल दुसऱ्याचं म्हणणं काय, हे पुस्तकाने निदान विचारायला हवं होतं.

नाउवेन त्याच वर्षी गेले आणि पुस्तक १९९७ साली आलं. पुढे जे उघड झालं त्याचा दोष त्यांच्यावर नाही. पण आज ते वाचताना व्हानिये आठवतातच. २०१९ साली वारले तेव्हा लोक त्यांना संत म्हणत होते. २०२० साली लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीत सहा स्त्रिया पुढे आल्या: आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली व्हानियेंनी त्यांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या अहवालात हा आकडा किमान २५ झाला. त्यांत बौद्धिक अक्षमता असलेलं कुणी आढळलं नाही. हे सत्य संस्थेने स्वतः खणून काढलं आणि छापलं, हेही नोंदवायला हवं. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. दुबळेपणा पवित्र आहे असं सुंदर भाषेत सांगणाऱ्या माणसासमोर त्या स्त्रियांना आपल्यावर काय झालं ते सांगायला शब्द मिळत नव्हते. संतावर शंका घ्यायची सोय नसते.

म्हणून मला अ‍ॅडमलाही संत करणं खटकतं. आपल्याकडे सरकारी कागदांवर 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आलं. शब्दाला तेज आलं, आमच्या गावच्या कचेरीचा जिना मात्र होता तिथेच आहे. मावसभावाला सहीसाठी नेतो तेव्हा दोघांनी उचलून चढवावं लागतं.

तरी हे पुस्तक वाचा. साच्याची प्रकरणं चाळा, सकाळची पानं सावकाश वाचा. एका माणसाने दुसऱ्याची रोज दाढी करावी आणि त्यातून त्याला ओळखू लागावं, हे इतकं प्रामाणिकपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ख्रिस्ती समुदायजीवनाची खरी ताकद मला त्या पानांत दिसली. तिथे देव जवळजवळ येतच नाही.

पुस्तक संपल्यावर एका रविवारी मी पहिल्यांदा मावसभावाची दाढी करायला बसलो. एरवी मावशीच करते. ब्रश लावला आणि त्याने झटकन मान फिरवली. मी थांबलो. त्याला मी परका वाटत असेन का, त्याला काय सांगायचं असेल, असं बरंच काही डोक्यात सुरू झालं. मावशी दारातून म्हणाली, "पाणी गार असेल रे."

मी बोट बुडवून पाहिलं. गारच होतं.