संख्यानामे आणि कृतियुक्त गणित-अध्यापन : एक चिकित्सा

प्रस्तावना

प्राथमिक स्तरावर गणित कृतीतून शिकवावे, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. तथापि कोणती कृती गणिताची व कोणती केवळ करमणुकीची, याचा विचार क्वचितच होतो. अंकगीतांत आणि टाळ्यांच्या तालावरील पाढ्यांत वर्ग रमतो. परंतु त्यामुळे स्थानिक किमतीची संकल्पना रुजतेच असे नाही. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणित पाठ्यपुस्तकावरून २०१९ मध्ये झालेला वाद या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगा आहे.

वादाचे स्वरूप

गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 'एकवीस' या नावाबरोबर 'वीस एक' असे वाचनही सुचविले. जुनी नावे रद्द झाली नव्हती. पर्याय वाढला होता. कन्नड व तेलुगू भाषांत दशक आधी उच्चारले जाते. मराठीत 'पंचवीस' ऐकताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र दोन. म्हणूनच मूल २५ ऐवजी ५२ लिहिते. समितीचे हे निदान अचूक होते. परंतु विधिमंडळापर्यंत गेलेली चर्चा मुख्यतः भाषेच्या अस्मितेभोवती फिरली आणि अध्यापनाचा मूळ प्रश्न मागे पडला.

उपायाची मर्यादा

निदान अचूक असले तरी केवळ नाव बदलणे हा अपुरा उपाय ठरतो. बोली व्यवहारात 'वीसएक माणसे' म्हणजे सुमारे वीस माणसे. नेमक्या संख्येसाठी सुचविलेला शब्द अशा रीतीने अदमासाच्या शब्दाजवळ जातो. शिवाय घरी व बाजारात मुलाच्या कानी 'एकवीस'च पडणार. त्यामुळे प्रचलित नावाचा अर्थ हाताने उलगडून दाखविणे अपरिहार्य आहे.

कृतीचे स्थान

मावळातील वलवणसारख्या परिसरात भाताची पेंढी मुलांना अनोळखी नाही. दहा-दहा काड्यांच्या पेंढ्या बांधल्या की दशक डोळ्यांना दिसते. दोन पेंढ्या आणि पाच सुट्या काड्या मांडून मुलाने 'पंचवीस' म्हणावे, पेंढ्यांखाली २ व काड्यांखाली ५ लिहावे. येथे वस्तू, उच्चार व लेखन यांतील क्रमभेद लपत नाही. तो चर्चेचा विषय होतो.

'एकोणतीस' हे नाव त्याहून अवघड, कारण त्यात तीस ऐकू येतात आणि लिहिताना २ येतो. 'एकोण' म्हणजे एकाने उणे. तीन पेंढ्यांपैकी एक सोडून तीतील एक काडी काढून घेतली की दोन पेंढ्या व नऊ काड्या उरतात. क्लिष्ट म्हणून टाळले जाणारे हे नाव स्वतःच वजाबाकीची कृती सांगते. एकोणीस ते एकोणनव्वद ही आठही नावे अशी उलगडतात. 'नव्याण्णव' मात्र या नियमात बसत नाही. हा अपवाद मुलांनाच शोधू द्यावा.

अशा साहित्याला खर्च लागत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालशिक्षणात परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले होते.

समारोप

सारांश, कृतीचे मूल्य तिच्या रंजकतेवर ठरत नाही. मुलाची नेमकी अडचण ती हाताळते का, यावर ठरते. अध्यापक महाविद्यालयांतील पाठनिरीक्षणात 'साहित्य वापरले' अशी नोंद पुरेशी मानली जाऊ नये. साहित्य बाजूला ठेवल्यावर मूल 'पंचवीस' ऐकून २५ लिहिते का आणि त्यातील २ म्हणजे किती हे सांगू शकते का, हीच त्या पाठाची खरी कसोटी होय.