पाऊस पडला, पण कशामुळे?

काही महिन्यांपूर्वी मावळातील विज्ञान-शिक्षकांच्या एका मेळाव्यात 'कृत्रिम पाऊस' या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर एका शिक्षकांनी विचारले, "ढगांत फवारणी केली आणि तासाभरात पाऊस पडला, तर प्रयोग यशस्वी झाला असेच म्हणायचे ना?" प्रश्न साधा आहे. पण या विषयाभोवती जो गोंधळ आहे त्याचे मूळ नेमके याच प्रश्नात आहे.

या खटाटोपाशी आपल्या परिसराचा संबंध जुना आहे. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील टाटांच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजकेंद्राला जाते. तेव्हा घाटमाथ्यावरील पावसात या उद्योगाला रस असणे स्वाभाविकच होते. १९५१ मध्ये टाटा कंपनीने पश्चिम घाटात जमिनीवर जनित्रे ठेवून सिल्व्हर आयोडाइडचा धूर ढगांकडे सोडला. भारतातील अशा प्रकारचा हा पहिला प्रयत्न मानला जातो.

आता यातील भौतिकी पाहू. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची रचना बर्फाच्या स्फटिकाशी मिळतीजुळती असते. हा गुण १९४६ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड व्हॉनेगट यांनी हेरला. शून्याखाली जाऊनही न गोठलेले, म्हणजे अतिशीत, पाण्याचे थेंब ढगात असतील तर या कणांभोवती बर्फ तयार होऊ शकतो. त्यासाठी तापमान साधारण उणे ५ अंश किंवा त्याहून कमी लागते. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी सुमारे ५ किलोमीटर उंचीवर असते आणि घाटावर आदळणारे पुष्कळसे ढग तिच्या खालीच असतात. अशा 'उष्ण' ढगात सिल्व्हर आयोडाइडला काम कोठले? तेथे मिठाची बारीक पूड उपयोगी पडू शकते. मीठ बाष्प शोषून घेते, त्याभोवती मोठे थेंब बनतात आणि ते लहान थेंबांना आपल्यात सामावून घेत खाली येतात. थोडक्यात, 'ढगांत बी पेरणे' हा शब्दप्रयोग एक असला तरी बी आणि शेत यांची जोडी जमावी लागते.

जोडी जमली तरी पाऊस वाढला हे ठरवायचे कसे? या बाबतीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले काम शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे. १९७३ ते १९८६ या काळातील ११ पावसाळ्यांत संस्थेने बारामती परिसरात विमानातून मीठ फवारले. प्रदेशाचे दोन भाग केले आणि मध्ये मोकळा पट्टा ठेवला. ज्या दिवशी फवारणी करायची त्या दिवशी ती कोणत्या भागात करायची हे यदृच्छेने ठरे. दुसरा भाग तुलनेसाठी राही. अखेरीस सुमारे २४ टक्के वाढ दिसली. फवारणीचा काहीच परिणाम नसता, तर एवढी वाढ केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे ४ टक्के होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही वाढ एक किलोमीटरपेक्षा जाड आणि पुरेसे पाणी असलेल्या ढगांत आढळली. पातळ ढग मात्र फवारणीनंतर विरण्याकडे झुकले! २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर येथे याच संस्थेने २७६ ढगांवर केलेल्या प्रयोगातही सरासरी सुमारे १८ टक्के वाढ नोंदली गेली.

माझा आक्षेप या प्रयोगांवर नाही, त्यांच्या नावावर जे खपवले जाते त्यावर आहे. दुष्काळी वर्षी विमाने उडतात, २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात ती उडाली, आणि फवारणीनंतर पडलेला पाऊस यशाच्या खात्यात जमा होतो. तुलनेचा भाग राखलेला नसेल, तर तो पाऊस एरवीही पडला असता की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय टक्केवारी ही मुळात पडणाऱ्या पावसावर असते. दुष्काळात योग्य ढगच थोडे असतात, आणि थोड्याचे १८ टक्के थोडेच होतात.

गारपिटीचे प्रकरण याहून अवघड. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. गारांच्या उंच ढगांत अतिशीत पाणी असते, म्हणून तेथे सिल्व्हर आयोडाइडला निदान तत्त्वतः वाव आहे. कण वाढवले की पाणी अनेक गारांत वाटले जाईल, गारा लहान राहतील, अशी कल्पना. स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ या काळात रॉकेटे सोडून ती यदृच्छ पद्धतीने तपासली. गारांत लक्षणीय घट आढळली नाही. त्यात गार पडते पट्ट्याने. एकाचे शेत झोडपले जाते आणि बांधापलीकडचे सुटते. सुटलेल्याला उपाय लागू पडला असे वाटणे साहजिक आहे. पण मावळातील फुलशेती करणाऱ्याने अशा उपायावर पैसे घालावेत असा पुरावा आज नाही. जाळी, पीकविमा आणि वेळेवर मिळणारी पूर्वसूचना यांचा त्याला अधिक भरवसा धरता येईल.

शेवटी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. आपल्या गावच्या किंवा लोणावळ्याच्या पावसाळ्याचे १० वर्षांचे आकडे मिळवा. दहा चिठ्ठ्या करा, पाचांवर 'फवारणी' लिहा, पाच कोऱ्या ठेवा. प्रत्येक वर्षासाठी एक चिठ्ठी उचला आणि दोन्ही गटांची सरासरी काढा. असे वीसदा करा. प्रत्यक्षात काहीही फवारलेले नसताना किती वेळा १० टक्क्यांहून अधिक 'वाढ' किंवा 'घट' दिसते ते मुलांनाच मोजू द्या. त्या शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर मग व्याख्यात्याला द्यावे लागणार नाही.