पिक्तांचीं निळीं अंगें : साधनांची छाननी

स्कॉटलंडच्या उत्तर भागांतील पिक्त योद्धे वोड नांवाच्या वनस्पतीच्या निळ्या रंगानें सर्वांग माखून, नग्न होऊन रणांत उतरत, हें विधान इतक्या पुस्तकांतून आलें आहे कीं, त्यास पुरावा मागणें औद्धत्याचें वाटावें. परंतु मूळ साधनें कालानुक्रमानें मांडलीं म्हणजे निरनिराळ्या काळच्या व निरनिराळ्या लोकांविषयींच्या उल्लेखांची ही सांधाजोड आहे, असें दिसून येतें.

पहिला साक्षीदार जूलियस सीझर. इ. स. पू. ५४ च्या स्वारीच्या वृत्तांतांत तो सांगतो कीं, सर्व ब्रिटन लोक 'वित्रुम्' अंगास लावितात, त्यानें निळा रंग येतो व युद्धांत त्यांचें रूप उग्र दिसतें. पण सीझरची मजल टेम्स नदीच्या पलीकडे थोडीशीच गेली. आणि 'पिक्त' हें नांव लॅटिन लेखांत प्रथम आढळतें तें इ. स. २९७ च्या एका प्रशस्तींत. मध्यें साडेतीनशें वर्षें व शेंकडों मैलांचें अंतर! दक्षिणेकडील ब्रिटनांची साक्ष उत्तरेकडील पिक्तांच्या अंगाला चिकटविण्यास आधार कोणता?

'वित्रुम्' ह्या शब्दाचा रूढ अर्थ कांच. त्यावरून वनस्पतीचा अर्थच कांहीं आधुनिक अभ्यासकांनीं नाकारला आहे. आमच्या मतें हा संशय जरा अधिक झाला. वित्रुव्हियस हा वास्तुशास्त्रकार हिंदी निळीचा तुटवडा असल्यास खडू वित्रुमांत रंगवून तिची नक्कल करावी असें सांगतो, आणि इ. स. ४०० च्या सुमाराचा वैद्यकग्रंथकार मार्सेलस आपल्या 'वित्रुम्' वनस्पतीस ग्रीक लोक 'इसातिस्' म्हणतात असें स्पष्ट लिहितो. ही इसातिस् म्हणजेच वोड. तिच्या पानांतील रंगद्रव्य व आपल्याकडील निळीचें रंगद्रव्य एकच. पुढें हिंदुस्थानची नीळ युरोपांत येऊं लागल्यावर वोडचा धंदा बसला, तोही ह्याच कारणानें. तेव्हां सीझरच्या ब्रिटनांपुरता वोड मान्य करण्यास हरकत नाहीं. लिंकनशायरमधील ड्रॅगनबी येथील उत्खननांत लोहयुगाच्या अखेरच्या काळांतील वोडचे अवशेष मिळाले आहेत. पण तेंही स्थळ पिक्तांच्या मुलखांतलें नव्हे. प्लिनीची साक्ष तर आणखी वेगळी : ब्रिटनांच्या बायका व सुना 'ग्लास्तुम्' अंगास लावून कांहीं धार्मिक विधींत नग्न वावरत, असें तो म्हणतो. तेथें योद्धाही नाहीं, युद्धही नाहीं.

आतां उत्तरेकडे वळूं. सेव्हेरस बादशहाच्या इ. स. २०८–२११ च्या मोहिमेच्या प्रसंगीं हेरोडियन लिहितो कीं, हे लोक अंगावर नाना प्रकारचीं चित्रें व प्राण्यांच्या आकृति काढून घेतात व त्या झांकूं नयेत म्हणून वस्त्र वापरीत नाहींत. त्याचें क्रियापद टोंचण्याचें आहे, माखण्याचें नव्हे. क्लॉडियन कवीही मरणाऱ्या पिक्ताच्या अंगावरील लोखंडानें उठविलेल्या आकृतींचा उल्लेख करतो. वनस्पतीचा रस आणि पिक्त हे दोन्ही एका वाक्यांत येतात ते थेट सातव्या शतकांतील सेव्हिलच्या इसिदोराच्या ग्रंथांत. आणि तेथेंही सुई आहेच. म्हणजे त्याचें वर्णन गोंदण्याचें. शिवाय इसिदोर स्पेनांत बसून नांवांच्या व्युत्पत्ति लावीत होता, हें विसरतां कामा नये.

मग सर्वांग रंगविलेला पिक्त आमच्या डोळ्यांपुढें उभा कोणीं केला? मुख्यत्वें जॉन व्हाइट ह्या चित्रकारानें. त्याच्या चित्रांवरून थिओडोर द ब्री ह्यानें तयार केलेले ठसे व्हर्जिनियाच्या वर्णनाच्या १५९० च्या आवृत्तीस जोडलेले आहेत. ग्रेट ब्रिटनचे पूर्वज व्हर्जिनियाच्या लोकांइतकेच रानटी होते असें दाखविण्याचा हेतु द ब्रीनें स्वतःच सांगितला आहे. चित्रें एका जुन्या बखरींतून मिळालीं असेंही तो म्हणतो. परंतु त्या बखरीचें नांव देत नाहीं. योद्ध्याच्या कमरेस वाकडी तलवार लोंबत आहे! आणि हे ठसे काळ्या शाईचे. एखाद्या प्रतींत निळा रंग दिसलाच, तर तो मागाहून हातानें भरलेला.

पिक्तांनीं स्वतः कोरलेला पुरावा म्हणजे त्यांच्या शिळा. अॅबर्लेम्नो येथील शिळेवर लढणारे स्वार व पायदळ आहे, आणि ते सर्व सवस्त्र आहेत. ही शिळा सीझरहून बरीच अलीकडची, हें खरें. पण व्हाइटच्या चित्रांहून ती किती तरी शतकें जुनी आहे. द ब्रीच्या ठशांच्या प्रती ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांवर 'पिक्त योद्धा' एवढेंच न लिहितां १५९० हा सनही अवश्य लिहून ठेवावा.